पाडलं म्हणतात
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९१ सालचं आखाती युद्ध संपलं आणि त्यानंतर काही दिवसांनी आमच्या घरी एक कॅसेट आली. माझे मामू तेव्हा सौदी अरेबियात, अल-खोबरला नोकरी करत होते. एका कॅटरिंग कंपनीच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते. कोकणातल्या ज्या घरांतली माणसं आखातात होती, त्या घरांना कॅसेटचं हे प्रकरण वेगळं सांगायला नको. फोन महाग आणि तोही गावात एखाद्याकडेच. पत्र लिहायचं तर पुष्कळांना हात चालत नसे. मग टेपरेकॉर्डर समोर ठेवून बोलायचं आणि सुट्टीवर गावी निघालेल्या माणसाच्या हाती ती कॅसेट द्यायची. घरी सगळे गोल करून बसायचे आणि ऐकायचे.

त्या कॅसेटमध्ये मामू आईशी बोलत होते. आंब्याच्या कलमांचं काय झालं, धाकटीचं लग्न कुठवर आलं, असं चाललेलं. मध्येच एक लांब, चढत जाणारा आवाज येतो. भोंगा. मग खट्, मशीन बंद. पुन्हा खट्, आणि मामूंचा आवाज, थोडा धापा टाकत: "झालं. पाडलं म्हणतात." आणि पुन्हा कलमांवर गाडी.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कवितेची नुकतीच लागण झालेली होती. त्या दोन शब्दांतला 'म्हणतात' माझ्या कानात राहिला. कोण म्हणतात? कुणी पाहिलं? आज मी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांबद्दल बोलणार आहे. मी शास्त्राचा माणूस नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण या विषयातला अर्धा तंटा शास्त्राचा आहे आणि अर्धा शब्दांचा. निदान शब्दांच्या बाजूने मला बोलता येईल.

आधी थोडं शास्त्र. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र म्हणजे भिरकावलेला दगड. सुरुवातीला काही क्षण इंजिन जळतं, त्याला वर ढकलतं, आणि मग इंजिन बंद. पुढचा सगळा प्रवास वेगाच्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या हवाली. वर जातं, वळतं, खाली येतं. दगड कुठे पडणार हे तो हातातून सुटल्यावर जसं सांगता येतं, तसंच याचंही गणित मांडता येतं. ऐकायला सोपं वाटतं. फक्त हा दगड सेकंदाला दीड-दोन किलोमीटर वेगाने येतो, लांब पल्ल्याचा असेल तर त्याहून कितीतरी जास्त, आणि त्याला दुसऱ्या दगडाने हवेत गाठायचं असतं. बंदुकीच्या गोळीने गोळी पाडण्याची उपमा यासाठी नेहमी देतात. ती घासून गुळगुळीत झाली आहे, पण खोटी नाही.

१९९१मध्ये इराककडे रशियन बनावटीची स्कड क्षेपणास्त्रं होती. मूळ स्कडचा पल्ला तीनशे किलोमीटर. तेवढ्यात तेल अवीव येत नव्हतं आणि रियाधही येत नव्हतं. म्हणून इराकी तंत्रज्ञांनी त्याची लांबी वाढवली, स्फोटकांचं वजन कमी केलं, इंधन जास्त भरलं आणि पल्ला दुपटीच्या आसपास नेला. नाव दिलं 'अल हुसेन'. ओढूनताणून लांब केलेल्या या क्षेपणास्त्राचा सांगाडा कच्चा राहिला. वरून खाली येताना, दाट हवेत शिरताना ते तुटायचं. तुकडे व्हायचे, आणि स्फोटकाचं टोक गिरक्या घेत, वाकडंतिकडं खाली यायचं.

आता गंमत बघा. गंमत म्हणू नये, पण दुसरा शब्द सुचत नाही. त्यांच्या या दोषामुळेच ते पाडायला कठीण झालं. सरळ येणाऱ्या दगडाचं गणित मांडता येतं, गिरक्या घेणाऱ्या दगडाचं कसं मांडणार? शिवाय रडारवर एकाच्या जागी चार-पाच ठिपके. त्यातला स्फोटकाचा कुठला आणि रिकाम्या टाकीचा कुठला, हे ठरवायला काही सेकंद हातात.

समोर होतं अमेरिकेचं पॅट्रियट. ते मुळात विमानं पाडण्यासाठी बनवलेलं. क्षेपणास्त्रांसाठी त्यात नंतर सुधारणा केल्या होत्या. युद्धात इराकने ऐंशीहून अधिक स्कड डागली, साधारण निम्मी इस्रायलवर आणि निम्मी सौदी अरेबिया व आसपास. त्यांच्यावर दीडशेहून अधिक पॅट्रियट सोडली गेली. टीव्हीवर साऱ्या जगाने ते पाहिलं. काळं आकाश, खालून वर जाणारी रेघ, वरून येणारा ठिपका, आणि लख्ख उजेड. उजेड झाला की माणसं टाळ्या वाजवायची. पॅट्रियट क्षेपणास्त्राजवळ जाऊन फुटतं, त्याचा तो उजेड. तो उजेड म्हणजे समोरचं क्षेपणास्त्र मेलं, असा अर्थ सगळ्यांनी काढला. आपणही काढला असता.

१५ फेब्रुवारी १९९१ रोजी अध्यक्ष बुश, म्हणजे थोरले बुश, मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात गेले. पॅट्रियट तिथे बनत होतं. तिथे त्यांनी आकडा सांगितला: ४२ स्कडचा सामना केला, त्यातली ४१ अडवली. कामगारांनी अर्थातच जल्लोष केला. पुढे वर्षभरात सैन्याचाच आकडा खाली आला. सौदीत ८० टक्के, इस्रायलमध्ये ५० टक्के. मग तोही उतरला, ७० आणि ४०. दरम्यान मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले शास्त्रज्ञ थिओडोर पोस्टोल यांनी टीव्हीच्या चित्रफिती एकेक चौकट थांबवून पाहिल्या. ठिपका उजेडातून बाहेर पडून खाली येताना आणि जमिनीवर फुटताना त्यांना दिसला. एकदा नाही, अनेकदा. त्यांचं म्हणणं, यशाचं प्रमाण शून्याच्या जवळ असू शकतं. त्यांच्यावर कंपनीने आणि सैन्याने टीकेची झोड उठवली. पण अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२मध्ये नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांनाही असं आढळलं की, स्फोटकाचं टोक खरोखर नष्ट झालं असं भक्कम पुराव्याने म्हणता येईल, अशा लढती सुमारे ९ टक्के. बाकीच्या ठिकाणी काहीच झालं नाही, असा याचा अर्थ नव्हे. पुरावा नाही, एवढाच अर्थ. पण ४२पैकी ४१ आणि शंभरातल्या ९ यांच्यामध्ये केवढं मैदान पडलं आहे ते पाहा. इस्रायलचे तेव्हाचे संरक्षणमंत्री मोशे आरेन्स यांनीही नंतर पॅट्रियटच्या यशाबद्दल शंका बोलून दाखवली.

आणि आता शब्द. १९९२च्या संसदीय सुनावणीत सैन्याच्या एका ब्रिगेडियर जनरलना विचारण्यात आलं की, अध्यक्षांनी ४१ सांगितली, ती कुठून आणली? त्यांनी खुलासा केला की, अध्यक्ष 'नष्ट केली' असं म्हणालेच नव्हते, 'अडवली' असं म्हणाले होते; आणि अडवली याचा अर्थ एक पॅट्रियट आणि एक स्कड यांचे मार्ग आकाशात एकमेकांना छेदून गेले. मी हे प्रथम वाचलं तेव्हा पान मिटून बसून राहिलो. आयुष्यभर शब्दांची कारागिरी केली, पण असा शब्द मला वापरता आला नसता. रस्त्यात दोन माणसं एकमेकांच्या बाजूने निघून गेली, तर त्याला आपण 'अडवलं' म्हणतो का?

मामूंच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी एक तुकडा आहे. त्यात भोंगा नाही. मामू नेहमीसारखं बोलत नाहीत. एवढंच म्हणतात: "आज पडलं. इथेच, जवळ." आणि कॅसेट संपते. ती २५ फेब्रुवारीची रात्र होती, हे मला पुष्कळ नंतर जुळवता आलं.

त्या रात्री एक स्कड धहरानच्या बाजूला, अल-खोबरजवळ, अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं. बराक म्हणजे गोदामच, त्यात खाटा टाकलेल्या. २८ सैनिक ठार झाले, शंभराच्या आसपास जखमी. मेलेल्यांपैकी १३ जण पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्ग या एका छोट्या गावच्या राखीव तुकडीचे. ती तुकडी लढणारी नव्हती. पाणी शुद्ध करून सैन्याला पुरवणं हे तिचं काम. सौदीत येऊन त्यांना सहा दिवस झाले होते. त्या युद्धात एका घटनेत इतके अमेरिकी सैनिक दुसरीकडे कुठे मेले नाहीत.

धहरानच्या रक्षणासाठी पॅट्रियटची तोफखाना-तुकडी तिथे होती. चालू होती. पण तिने त्या स्कडवर एकही क्षेपणास्त्र सोडलं नाही. का नाही, त्याची चौकशी झाली आणि तिचा अहवाल उपलब्ध आहे. तो कुणीही वाचावा असा आहे.

पॅट्रियटचं रडार असं काम करतं. त्याला आकाशात काहीतरी दिसतं. मग संगणक हिशेब करतो की, हे जर क्षेपणास्त्र असेल तर पुढच्या क्षणी ते अमुक ठिकाणी असायला हवं. रडार त्या ठिकाणी, तेवढ्याच छोट्या खिडकीत पुन्हा डोकावतं. तिथे ते सापडलं, तर खरं. नाही सापडलं, तर आधीचा भास समजून सोडून द्यायचं. हा हिशेब वेळेवर चालतो. आणि संगणकाचं घड्याळ वेळ मोजत होतं सेकंदाच्या दहाव्या भागांत.

इथे शाळेतलं गणित आठवा. एक भागिले तीन केलं की ०.३३३ असं येतं आणि ते संपतच नाही. आपण कुठेतरी तोडतो. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो. त्याच्या त्या पद्धतीत एक-दशांश हा आकडा असाच न संपणारा आहे. पॅट्रियटच्या संगणकात त्यासाठी चोवीस जागा होत्या. चोवीस जागांनंतरचं शेपूट कापून टाकलं जायचं. कापलेला भाग सेकंदाच्या कोट्यंशांतला, नगण्य. पण घड्याळ बंद न करता चालू ठेवलं की, दर दशांश सेकंदाला तो नगण्य तुकडा साठत जातो. पॅट्रियट बनवताना कल्पना अशी होती की, ते युरोपात सोव्हिएत विमानांविरुद्ध वापरायचं, काही तास चालवायचं आणि दुसरीकडे हलवायचं. धहरानला ते शंभर तासांहून अधिक सलग चालू होतं. शंभर तासांत साठलेली चूक सेकंदाचा साधारण एक-तृतीयांश. नेमकं सांगायचं तर ०.३४ सेकंद. आपली पापणी मिटून उघडते तेवढा वेळ. तेवढ्या वेळात रडारची खिडकी ६८७ मीटर सरकली होती. रडार डोकावलं तिथे आकाश रिकामं होतं. क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून दूर, आपल्या वाटेने येत होतं.

ही चूक कुणालाच ठाऊक नव्हती, असं नाही. इस्रायलींनी दोन आठवडे आधी, ११ फेब्रुवारीला अमेरिकेला कळवलं होतं की, यंत्र सलग आठ तास चाललं की खिडकी सरकते. अमेरिकेत लगेच सुधारलेला प्रोग्रॅम तयार झाला, तो १६ तारखेला निघाला. २१ तारखेला सगळ्या तुकड्यांना सूचना गेली की, यंत्र 'फार वेळ' सलग चालवल्यास चूक होऊ शकते. फार वेळ म्हणजे किती, ते सूचनेत लिहिलं नव्हतं. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं असतं तर घड्याळ शून्यावर आलं असतं. त्याला जेमतेम मिनिटभर लागतं. सुधारलेला प्रोग्रॅम धहरानला पोचला २६ फेब्रुवारीला. आदल्या रात्री स्कड पडून गेलं होतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. 'सामना केलेल्यांपैकी किती अडवली', असा हिशेब धरला तर धहरानचं स्कड त्या हिशेबात येतच नाही. कारण त्याचा सामनाच झाला नाही. २८ माणसं मेली आणि टक्केवारीला धक्काही लागला नाही.

त्याच दिवसांत पलीकडच्या बाजूला, इस्रायलमध्ये, दिमोना, बीरशेबा, रामला अशा गावांत आपली मराठी बोलणारी माणसं होती. कोकणातून गेलेली बेने इस्रायली मंडळी, ज्यांना आपल्याकडे 'शनवार तेली' म्हणत. तीही गॅसचे मुखवटे चढवून, दाराखाली ओला टॉवेल कोंबून खोलीत बसत होती. रायगडचा किनारा सोडून गेलेली ती माणसं भोंगा ऐकून एका बाजूला बसलेली आणि रत्नागिरीचे आमचे मामू दुसऱ्या बाजूला. दोघांकडे एकाच कारखान्याचं पॅट्रियट, दोघांना 'पाडलं' असं सांगणारा एकच रेडिओ.

तुम्ही म्हणाल, ही तर पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. यंत्रं सुधारली. सुधारली, यात शंका नाही. २००३च्या इराक युद्धात नव्या पॅट्रियटने नऊ बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचा सामना केला आणि नऊच्या नऊ यशस्वी ठरल्याचं नोंदलं गेलं. पण त्याच युद्धात त्याच यंत्रणेने ब्रिटनचं एक टोर्नेडो आणि अमेरिकी नौदलाचं एक एफ-१८ ही आपल्याच बाजूची विमानं शत्रूची समजून पाडली. तीन वैमानिक गेले. नव्या जातीची काही यंत्रं फुटून छर्रे उडवत नाहीत, थेट धडक मारतात. युक्रेनने २०२३मध्ये याच पॅट्रियटने रशियाची किंझाल क्षेपणास्त्रं पाडली. किंझाल कुणाला पाडताच येणार नाही, अशी रशियाची बढाई होती. थोडक्यात, यंत्रणा कुचकामी आहे असं म्हणणारा माणूस आज चूक ठरेल. ती अभेद्य आहे असं म्हणणाराही चूकच ठरेल, आणि माझ्या मते जास्त धोकादायक चूक करेल, कारण त्याच्या भरवशावर कुणीतरी युद्ध सुरू करतं.

एप्रिल २०२४मध्ये इराणने इस्रायलवर ड्रोन, क्रूझ क्षेपणास्त्रं आणि शंभरावर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं एका रात्रीत सोडली. ९९ टक्के पाडली, असं इस्रायलने सांगितलं. आपल्याकडच्या बातम्यांत सगळं श्रेय 'आयर्न डोम'ला गेलं. ते मुळात जवळच्या, छोट्या रॉकेटांसाठी आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांशी 'अॅरो'सारख्या वेगळ्या यंत्रणा झुंजल्या आणि सोबत अमेरिकेची जहाजं होती. त्या रात्री काही क्षेपणास्त्रं नेवातिमच्या हवाई तळावर पडलीच. ऑक्टोबर २०२४मध्ये इराणने पुन्हा १८०च्या आसपास डागली, या वेळी सगळी बॅलिस्टिक आणि पूर्वसूचना जवळजवळ नाही. नेवातिमच्या उपग्रह-छायाचित्रांत ३०हून अधिक खड्डे मोजले गेले. जून २०२५च्या बारा दिवसांच्या युद्धात पाचशेहून अधिक क्षेपणास्त्रं आली. इस्रायलच्या म्हणण्यानुसार ८६ टक्क्यांच्या आसपास पाडली. हा आकडा खरा धरू. तरी उरलेली काही डझनांत जातात. बीरशेबाचं सोरोका रुग्णालय आणि रेहोवोतची वाइझमन संस्था ही त्यातलीच.

या सगळ्यात एक व्यापाऱ्याचा हिशेबही आहे. येणाऱ्या एका क्षेपणास्त्रावर सहसा दोन सोडावी लागतात. नव्या पॅट्रियटच्या एका क्षेपणास्त्राला सुमारे चाळीस लाख डॉलर पडतात आणि ती वर्षाला काही शेच बनतात. मारणाऱ्याचा माल स्वस्त, अडवणाऱ्याचा महाग. मारणारा आणखी एक शहाणपणा करू शकतो: खऱ्या टोकासोबत खोटी टोकं सोडायची. अवकाशात हवा नसल्यामुळे फुगा आणि बॉम्ब सारख्याच वेगाने जातात. अमेरिका आपल्या भूमीच्या रक्षणासाठी अलास्का आणि कॅलिफोर्नियात जी यंत्रणा बाळगून आहे, तिच्या सुमारे वीस चाचण्यांतल्या निम्म्याहून थोड्याच अधिक सफल झाल्या आहेत. आणि त्या चाचण्यांत येणारं क्षेपणास्त्र कधी, कुठून सुटणार हे साधारण ठाऊक असतं. आपल्याकडे २७ नोव्हेंबर २००६ रोजी बंगालच्या उपसागरावर, जमिनीपासून पन्नासेक किलोमीटर उंचीवर, पृथ्वी क्षेपणास्त्र दुसऱ्या क्षेपणास्त्राने पाडण्याची पहिली चाचणी यशस्वी झाली. अभिमानाची गोष्ट आहेच. पण आपल्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये समुद्र नाही. हातात मिनिटं मोजकी असतात. चाचणीचं यश आणि लढाईतलं यश यांच्यात किती अंतर असतं, ते धहरानने शिकवलं आहे.

'पाडलं' याचा अर्थ ते नाहीसं झालं, असा होत नाही हेही सांगायला हवं. वर जे फुटतं ते खाली येतं. मार्च २०१८मध्ये येमेनहून आलेली क्षेपणास्त्रं रियाधवर अडवली गेली. तुकडे पडून एक इजिप्शियन मजूर मेला. ऑक्टोबर २०२४च्या त्या रात्री जेरिकोजवळ क्षेपणास्त्राचा तुकडा अंगावर पडून गेला तो गाझाहून मजुरीला आलेला एक पॅलेस्टिनी. आमच्या मामूंसारखीच ही माणसं. घर सोडून पोटासाठी दुसऱ्याच्या आकाशाखाली गेलेली.

मामू १९९६ला कायमचे परत आले. मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही कधी वर पाहिलंत का? ते म्हणाले, "कशाला? वर बघून काय करणार? मी जिन्याखाली बसायचो." इस्रायलनेही त्या युद्धातून हाच धडा घेतला. १९९२पासून तिथे प्रत्येक नव्या घरात जाड काँक्रीटची एक खोली बांधणं कायद्याने सक्तीचं झालं. आकाशातली यंत्रणा कितीही चांगली असली तरी शेवटी माणूस वाचतो तो भिंतीमुळे, हे त्यांना कळलं होतं.

पण भिंती सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. १४ जून २०२५च्या रात्री इराणचं एक क्षेपणास्त्र उत्तर इस्रायलमधल्या तमरा या अरब गावात एका घरावर पडलं. एकाच कुटुंबातल्या चार स्त्रिया गेल्या. तमरात सार्वजनिक निवारे नव्हते. आणि एप्रिल २०२४च्या त्या ९९ टक्क्यांच्या रात्री इस्रायलमध्ये एकच व्यक्ती गंभीर जखमी झाली: नेगेवच्या वाळवंटातली सात वर्षांची एक बदाऊनी मुलगी. तिच्या घराच्या पत्र्यातून तुकडा आत आला. तिची वस्ती सरकारी कागदावर नाही. त्यामुळे तिथे पक्की खोली बांधायला परवानगी मिळत नाही.